वाचकांचे प्रश्न : मलावीच्या खेड्यातील आरोग्यसेविका

आफ्रिकेतील मलावी या देशाच्या दक्षिण भागात एका स्वयंसेवी संस्थेतर्फे मी दोन वर्षे काम केले. त्याविषयीचे माझे टिपण मागील अंकात आल्यावर नागपूर आणि परिसरातून बरीच पत्रे आली. प्रत्येकाला स्वतंत्र उत्तर लिहिणे जमले नाही, याबद्दल क्षमस्व. जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले गेले, ते येथे घेतले आहेत. मी डॉक्टर नाही. नागपुरातील एका सरकारी रुग्णालयात २८ वर्षे परिचारिका होते, हे लक्षात ठेवून उत्तरे वाचावीत.

प्रश्न : मी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. जेथे दवाखानाच नाही, अशा गावात सकाळपासून संध्याकाळपर्यंत आरोग्यसेविकेला नेमके काय काम असते? (विद्यार्थिनी, मानेवाडा)

उत्तर : कामाचा दिवस उजाडण्याबरोबर सुरू होतो. नोव्हेंबर ते एप्रिल हा तेथील पावसाळा. मक्याची शेती याच महिन्यांत आणि मलेरियाचा जोरही याच महिन्यांत. साडेपाचच्या सुमारास बायका कुदळी घेऊन शेताकडे निघतात, त्यामुळे कोणाच्या घरी जायचे असेल तर त्यापूर्वी गाठावे लागते. अंगणाच्या कडेला उभे राहून ‘ओडी’ अशी हाक द्यायची आणि आतून ‘ओडीनी’ असे उत्तर आल्यावरच पुढे पाऊल टाकायचे, अशी तेथील रीत आहे. त्यानंतर घरच्यांची विचारपूस करायची. ती गाळून एकदम ‘मुलाला ताप आहे का’ असे विचारणे उद्धटपणाचे समजतात, आणि त्यात नवल वाटण्यासारखे काही नाही. पाणी विचारण्यापूर्वी कामाचे बोलणारा माणूस आपल्या गावाकडे तरी कोणाला आवडतो?

मलावीत ‘हेल्थ सर्व्हेलन्स असिस्टंट’ नावाचे सरकारी पगारी कर्मचारी असतात. साधारण हजार लोकांमागे एक असा निकष आहे, पण प्रत्यक्षात एकेकीच्या वाट्याला त्याहून पुष्कळ अधिक लोक येतात. त्यांच्या जोडीला गावातीलच बिनपगारी स्वयंसेविका असतात. आरोग्य केंद्रापासून लांब असलेल्या गावांत २००८ पासून हे कर्मचारी ‘व्हिलेज क्लिनिक’ चालवतात. क्लिनिक म्हटल्यावर खोली, टेबल, पडदा असे काही डोळ्यांसमोर आणू नये. आमचे क्लिनिक म्हणजे आंब्याचे झाड, चटई, एक बाक आणि कुलूप लावलेली लाकडी पेटी. येथे दोन महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांवरच उपचार होतात आणि तेही मुख्यतः ताप, खोकला व जुलाब या तीन तक्रारींवर. मी उपचार करण्यासाठी तेथे नव्हतेच. या असिस्टंटचे, म्हणजे आमच्या सहायिकेचे, मोजमाप बरोबर होते का, नोंदी पूर्ण आहेत का आणि पेटीत औषध आहे का, हे तिच्या शेजारी बसून पाहणे हे माझे काम होते.

आई येते ती पाठीवर छापील कापडात, ज्याला तेथे ‘चितेंजे’ म्हणतात, मूल बांधून. कमरेच्या गाठीतून ती प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली वही काढते. ही वही म्हणजे ‘हेल्थ पासपोर्ट’. मुलाचे लसीकरण, वजन, आजार, दिलेली औषधे असे सर्व त्यात लिहिलेले असते आणि ती वही दवाखान्यात न राहता आईजवळ राहते. आपल्याकडे फाईल हरवल्याने रुग्णाचे नातेवाईक खिडक्या-खिडक्यांवर फिरताना मी इतकी वर्षे पाहिले आहेत, की त्या मळकट वहीचा मला हेवा वाटला.

ताप असेल तर बोटाला टोचून रक्ताचा एक थेंब तपासणीच्या पट्टीवर घ्यायचा आणि पंधरा-वीस मिनिटे थांबायचे. मलेरिया निघाला तर आर्टिमेथर-ल्युमेफॅन्ट्रिनच्या गोळ्या; तीन दिवसांत सहा वेळा. पहिली मात्रा समोरच द्यायची, अर्ध्या तासात मुलाने ती उलटून टाकली तर पुन्हा द्यायची आणि दुसरी मात्रा आठ तासांनी कशी द्यायची ते आईकडून वदवून घ्यायचे. आईजवळ घड्याळ नसते, म्हणून ‘सूर्य कोठे असेल तेव्हा’ असे हात वर करून दाखवायचे. जुलाब असतील तर ओआरएस आणि दहा दिवसांची झिंकची गोळी. कुपोषण ओळखण्यासाठी दंडघेर मोजण्याची पट्टी आपल्या अंगणवाडीत असते तशीच असते. ११५ मिलिमीटरच्या खाली घेर आला की लाल रंग दिसतो आणि त्या मुलाला आरोग्य केंद्राकडे पाठवावे लागते.

आता खोकल्याविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण तेथेच माझी फजिती झाली. खोकणाऱ्या मुलाचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचे असतात. एक वर्षाच्या आतील मुलाचे ५० किंवा त्याहून अधिक आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा त्याहून अधिक श्वास भरले, तर न्यूमोनिया समजून अमॉक्सिसिलिन सुरू करायचे. यासाठी एक छोटे यंत्र मिळते. ते सेकंदा-सेकंदाला टिकटिकते, अर्ध्या मिनिटाला एकदा वाजते आणि मिनिट पूर्ण झाल्यावर पुन्हा वाजते. दुसऱ्याच आठवड्यात चौदा महिन्यांचा एक मुलगा आला. झाडाखाली पंचवीस आया बसल्या होत्या. मी पहिल्या आवाजाला थांबले, १९ मोजले होते, त्याचे दुप्पट केले आणि ‘३८, औषधाची गरज नाही’ असे सांगून मोकळी झाले. सहायिका काही बोलली नाही. तिने मूल आईच्या मांडीवर नीट निजवले, स्तनपान थांबवून ते शांत होण्याची वाट पाहिली, सदरा वर सरकवला आणि पोटाच्या हालचालीवर डोळे ठेवून पूर्ण मिनिट मोजले. ४३ भरले. तिने तो आकडा वहीत लिहिला, गोळी पाण्यात विरघळवून मुलाला पाजली आणि मग माझ्याकडे पाहून एवढेच म्हणाली, की पहिला आवाज आपल्यासाठी नसतो. लहान मूल एका लयीत श्वास घेत नाही, म्हणून अर्ध्याची दुप्पट चालत नाही, हे मी स्वतः विद्यार्थिनींना शिकवत असे!

या कामाचा विदर्भाशी संबंध आहे, हेही तुम्हाला ठाऊक असावे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी निरक्षर दायांसाठी मण्यांचे एक श्वासमापक तयार केले होते. एक मिनिटाची वाळूची घटिका उलटी करायची आणि दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. दहापर्यंत मोजता येणारी बाई न्यूमोनिया ओळखू शकते, हे त्यांनी दाखवले. मलावीतील त्या झाडाखाली मला गडचिरोलीच्या मण्यांची आठवण अनेकदा झाली.

मूल पीत नसेल, झटके येत असतील, सर्व उलटून टाकत असेल, गुंगीत असेल किंवा श्वास घेताना छाती आत ओढली जात असेल, तर पेटी बंद करून त्याला तातडीने पाठवायचे असते. आमच्या गावापासून आरोग्य केंद्र १४ किलोमीटरवर होते आणि वाहन म्हणजे ‘कबाझा’, अर्थात भाड्याची सायकल. मागच्या कॅरिअरवर आई, तिच्या पाठीवर मूल आणि समोर चिखल.

दुपारनंतर घरभेटी. मच्छरदाणी खरोखर झोपण्याच्या जागेवर टांगली आहे का, हे आत जाऊन पाहावे लागते, कारण नदीकाठच्या गावांत तिची मासे धरण्याची जाळी झालेलीही दिसते. पिण्याच्या पाण्यात क्लोरिन घातले आहे का, हेही पाहायचे. २०२२-२३ च्या पटकीच्या साथीत मलावीत १,७०० हून अधिक माणसे दगावली, त्यामुळे या प्रश्नाला आता कोणी हसत नाही. संध्याकाळी सहापर्यंत अंधार पडतो. त्यानंतर कंदिलाच्या, म्हणजे सौर दिव्याच्या, उजेडात नोंदवही. या नोंदवहीविषयी मी काहीच लिहीत नाही. जो सरकारी नोकरीत राहिला आहे, त्याला ती ठाऊक आहे.

प्रश्न : मलेरियाची लस आता आपल्या पुण्यातच तयार होते, असे वाचले. मग रक्त तपासण्याचा आणि मच्छरदाण्यांचा हा खटाटोप कशासाठी? (निवृत्त शिक्षक, धरमपेठ)

उत्तर : आपण वाचले ते बरोबर आहे. मलेरियाच्या पहिल्या लसीचा प्रायोगिक वापर एप्रिल २०१९ मध्ये मलावीतच सुरू झाला. पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठ यांच्या दुसऱ्या लसीची, आर-२१ ची, शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२३ मध्ये केली. परंतु या लशींनी मलेरिया कमी होतो, संपत नाही. शिवाय मात्रा चार आहेत. पहिल्या तीन महिन्या-महिन्याच्या अंतराने होतात. चौथी मूल जवळजवळ दोन वर्षांचे झाल्यावर येते, तेव्हा आईच्या पाठीवर बहुधा दुसरे मूल असते आणि चौथी मात्रा राहून जाते. ती राहिली आहे, हे हेल्थ पासपोर्ट उघडून कोणीतरी पाहावे लागते.

प्रश्न : मी रामटेक तालुक्यात आशा स्वयंसेविका आहे. तिकडच्या बायकांना मानधन मिळते का? की तेथेही ‘स्वयंसेविका’ म्हणून काम करून घेतात? (आशाताई, रामटेक तालुका)

उत्तर : ताई, आपल्या प्रश्नाला एक उत्तर नाही, देशागणिक वेगळे आहे. इथिओपियाने २००३ पासून गावोगावी एक वर्ष प्रशिक्षण दिलेल्या तरुणी नेमल्या आणि त्यांना सरकारी पगार दिला. रवांडात गावकरीच आपल्यातून आरोग्यसेवक निवडतात आणि कामाचा मोबदला त्यांच्या सहकारी संस्थांमार्फत येतो. केनियाने २०२३ मध्ये सुमारे एक लाख सेवकांना ‘स्वयंसेवक’ऐवजी नवे नाव आणि साहित्याची पेटी दिली, दरमहा ५,००० शिलिंग ठरवले, अर्धे केंद्राचे आणि अर्धे तेथील जिल्हा प्रशासनाचे. युगांडातील ग्राम आरोग्य पथकांचे बहुतेक सदस्य मात्र बिनपगारीच काम करत आले.

मलावीत सहायिकेला पगार आहे, पण तिच्या जोडीच्या स्वयंसेविकेला नाही. एक स्वयंसेविका दहा ते पंधरा घरे सांभाळते. त्या घरांत गरोदर बाई आहे का, बाळाला वरचे अन्न सुरू झाले का, हे तिलाच ठाऊक असते. संस्थेकडून तिला मिळते ते एखादे चितेंजे, साबणाची वडी आणि प्रशिक्षणाच्या दिवशीचा चहा. जानेवारी-फेब्रुवारीत, जुना मका संपलेला आणि नवा अजून शेतात, अशा दिवसांत तीच स्वयंसेविका दुसऱ्याच्या शेतावर मजुरीला जाते आणि आमची बैठक रिकामी राहते. त्या वेळी आमच्या वरिष्ठांनी अहवालात ‘उत्साहाचा अभाव’ असा शेरा लिहिला. मी तो खोडायला सांगितला, पण तो खोडला गेला नाही.

आपल्याला उपयोगी पडेल असे एक सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटले आहे, की अशा कार्यकर्त्यांना कामाच्या प्रमाणात आर्थिक मोबदला द्यावा आणि तो केवळ किंवा मुख्यतः कामगिरीनुसार मिळणाऱ्या प्रोत्साहनपर रकमांवर अवलंबून ठेवू नये. याच संघटनेने मे २०२२ मध्ये भारतातील आशांचा गौरव केला आणि पुढच्याच वर्षी महाराष्ट्रातील आशांना संपावर जावे लागले, हे मी तेथील सहायिकेला सांगितले तेव्हा ती बराच वेळ हसत होती. तिला त्यात काही नवे वाटले नाही.

प्रश्न : मी मिहानमधील कंपनीत अभियंता आहे. दोन आठवड्यांची रजा काढून आफ्रिकेतील एखाद्या गावात औषधवाटप करावे, अशी आमच्या मित्रमंडळींची इच्छा आहे. औषधे आम्ही येथूनच गोळा करून नेऊ. कोठे संपर्क साधावा? (वाचक, मनीषनगर)

उत्तर : आपली इच्छा चांगली आहे, तरीही मी आपल्याला जाऊ नका असेच सांगेन. दान म्हणून दिलेल्या औषधांची मुदत तेथे पोहोचल्यानंतर किमान वर्षभर शिल्लक असावी, त्यावरील मजकूर तेथील कर्मचाऱ्यांना वाचता यावा आणि ते औषध त्या देशाच्या उपचारपद्धतीत बसणारे असावे, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. घराघरांतून गोळा केलेल्या पट्ट्या या सर्व कसोट्यांना बहुधा उतरणार नाहीत.

दुसरे कारण मी स्वतः अनुभवले आहे. सुरुवातीच्या दिवसांत एका रात्री माझ्या दाराशी तापाचे मूल आणले. सहायिकेला उठवण्याऐवजी मीच पट्टी लावली, गोळ्या दिल्या, मूल बरे झाले. पुढील तीन आठवडे गावातील आया सहायिकेच्या झाडाकडे न जाता माझ्या दाराशी बसू लागल्या, आणि मी जिल्ह्याच्या गावी बैठकीला गेले तेव्हा दोन मुले ताप अंगावर काढत माझ्या परतण्याची वाट पाहत राहिली. सहायिका तेथेच होती, तिची पेटी भरलेली होती, पण मी नकळत तिचा मान कमी केला होता. तो परत येण्यास पावसाळा उलटावा लागला. त्या काळात कोणीही माझ्याकडे आले, की मी पायात चप्पल घालून त्यांच्यासोबत तिच्या दारापर्यंत चालत जात असे.

अभियंता म्हणून आपल्याला रस वाटेल अशी एक व्यवस्था तेथे आहे. २०११ मध्ये मलावीत ‘सीस्टॉक’ नावाची पद्धत सुरू झाली. सहायिका आपल्या साध्या मोबाइलवरून पेटीतील शिल्लक गोळ्यांचा आकडा संदेशाने कळवते. यंत्रणा तिची गरज काढून आरोग्य केंद्राला सांगते आणि माल तयार झाला की तिला उलट संदेश येतो, म्हणजे १४ किलोमीटरची रिकामी फेरी वाचते. आमच्याकडे एका फेब्रुवारीत पूल वाहून गेल्याने अकरा दिवस मलेरियाच्या गोळ्या नव्हत्या, तेव्हा संदेश वेळेवर गेला होता, पण गोळ्या आणणार कशावरून? शेवटी दोन कबाझावाल्यांनी सायकली डोक्यावर घेऊन ओढा ओलांडला. आपल्या मित्रमंडळींनी विमानाच्या तिकिटांइतके पैसे एखाद्या विश्वासार्ह संस्थेला सायकलींच्या दुरुस्तीसाठी दिले, तर ते पैसे अधिक कामाला येतील. आणि प्रत्यक्ष जायचेच असेल तर रामटेक, पारशिवनी, भिवापूर या तालुक्यांतही आशाताई आहेत; त्यांच्या नोंदींचे काम मोबाइलवर सोपे कसे होईल, हे विचारायला रजासुद्धा काढावी लागणार नाही.

प्रश्न : माझी मुलगी बी.एस्सी. नर्सिंग झाली असून एका संस्थेमार्फत वर्षभरासाठी मलावीला जाते आहे. आम्ही शाकाहारी आहोत. खाण्यापिण्याचे, राहण्याचे कसे होईल? जाण्यापूर्वी काय तयारी करावी? (एक आई, महाल)

उत्तर : खाण्याची काळजी सोडावी. तेथील रोजचे जेवण म्हणजे ‘न्सिमा’, मक्याच्या पिठाची घट्ट उकड, आणि सोबत काहीतरी कालवण. भोपळ्याचा कोवळा पाला शेंगदाण्याचे कूट घालून शिजवतात. पहिल्या दिवशी ती भाजी ताटात आली तेव्हा मला सासरच्या गावचे जेवण आठवले. कडधान्येही मिळतात. हाताने जेवतात आणि जेवणापूर्वी यजमान पाहुण्याच्या हातावर पाणी घालतो. ‘मला हे चालत नाही’ हे वाक्य मात्र तिने चिचेवा भाषेत हसून म्हणायला शिकावे, कारण कोंबडी कापणे हा मोठ्या पाहुणचाराचा भाग आहे. तिखटाचा डबा सोबत द्यावा. आठवड्यातून एकदा नागपुरी तिखटाची आठवण होतेच, बाकी दिवस जातात.

कागदपत्रे मात्र हलक्याने घेऊ नयेत. परिचारिका म्हणून काम करायचे असेल तर तेथील नर्सेस अँड मिडवाइव्हज कौन्सिलची नोंदणी संस्थेने करून घेतली आहे का, हे लेखी विचारावे. पीतज्वराची लस शासनमान्य केंद्रातच आणि प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालते. विमान आदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे जात असेल, तर हे प्रमाणपत्र पासपोर्टसोबतच ठेवावे. मलेरियाप्रतिबंधक गोळ्या कोणत्या घ्यायच्या हे डॉक्टर ठरवतील, परंतु परतल्यावरही सांगितलेल्या दिवसांपर्यंत त्या चालू ठेवायच्या असतात आणि घरी आल्याच्या आनंदात नेमके तेच विसरते. मलावी सरोवरात पोहण्याचा मोह टाळावा. पाण्यातील गोगलगाईंमुळे होणारा बिल्हार्झिया हा कृमींचा आजार त्वचेतून शिरतो.

संध्याकाळी सहानंतर एकटीने फिरू नये आणि सायकल चालवता येत नसेल तर जाण्यापूर्वी शिकून घ्यावी. एकटेपणा येईल, विशेषतः पहिल्या पावसाळ्यात, जेव्हा नेटवर्क जाते आणि पत्र्यावर रात्रभर पाऊस वाजतो. त्या दिवसांत तिचा फोन आला नाही म्हणून आपण संस्थेला रोज फोन करू नये, ही विनंती मी एक आई म्हणूनच करते; माझ्या मुलाने तसे केले होते.

आणि ती परत आल्यावर पुढील काही महिन्यांत तिला ताप आला, तर आपल्याकडे ऑगस्ट-सप्टेंबरात ताप म्हटला की प्रथम डेंगीचाच विचार होतो, म्हणून डॉक्टरांसमोर बसल्यावर पहिल्याच वाक्यात ‘ही मलावीहून आली आहे’ असे सांगावे आणि मलेरियाची रक्ततपासणी त्याच दिवशी करून घ्यावी.